पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला तर: अँटिबायोटिक कधी, नळी मोकळी करायची केव्हा

गेल्या पावसाळ्यात कोपरीहून एक बाई नवऱ्याची फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. फाइलमध्ये दहा दिवसांत लिहून दिलेल्या तीन अँटिबायोटिकांच्या चिठ्ठ्या होत्या, मलेरियाचे दोन निगेटिव्ह रिपोर्ट होते आणि सगळ्यांत खाली घडी पडलेली सोनोग्राफी. तिच्यात एक ओळ होती: सीबीडी ११ मिमी. सीबीडी म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका. ती साधारण ६ मिमीची असते. इथे ती फुगली होती, म्हणजे खाली कुठेतरी बूच बसलं होतं. तिन्ही अँटिबायोटिकं तशी चांगली होती, पण जिथे जंतू होते तिथे ती पोचत नव्हती.

असे पेशंट महिन्यातून दोन-तीन तरी दिसतात. चूक बहुतेक वेळा औषधाच्या निवडीत नसते, क्रमात असते. म्हणून हा लेख क्रमाविषयी आहे आणि पेशंटच्या घरच्यांसाठी आहे. डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते पेशंटचं वजन आणि किडनी पाहून डॉक्टरच ठरवतात.

आधी एवढं समजून घ्या: औषध पित्तात पोचतं कसं

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. सलाइनमधून दिलेलं अँटिबायोटिक रक्तातून यकृताच्या पेशीत शिरतं, पेशीच्या दुसऱ्या बाजूला असलेली वाहक प्रथिनं ते सूक्ष्म नलिकांत ढकलतात आणि तिथून ते पित्ताबरोबर खाली वाहतं. सगळी औषधं ही वाट सारखी वापरत नाहीत. सेफोपेराझोनचा मोठा भाग पित्तातूनच बाहेर पडतो. सेफ्ट्रिॲक्सोन काही लघवीतून, काही पित्तातून जातं. पिपरॅसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, टायगेसायक्लिन यांचंही पित्तातलं प्रमाण चांगलं असतं. अमिकासिन आणि जेंटामायसिन मात्र मुख्यतः किडनीतून बाहेर पडतात, पित्तात कमीच उतरतात.

हे सगळं नळी मोकळी असेल तर. नलिकेत एरवी १० ते १५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब असतो. खडा अडकला की तो चढतो. २०-२५ च्या पुढे गेला की जंतू उलटे रक्तात ढकलले जातात, आणि दात वाजवणारी थंडी येते ती तेव्हा. दाब ३० च्या आसपास गेला की यकृत पित्त स्रवणंच थांबवतं. पित्त वाहिलं नाही तर त्याच्याबरोबर जाणारं औषधही वाहणार नाही. तुंबलेल्या मोरीत वरून कितीही फिनाईल ओता, जाळीतला बोळा काढेपर्यंत ते वरच तरंगतं.

मग अशा वेळी अँटिबायोटिक द्यायचंच कशाला? कारण जंतू रक्तात आणि यकृताच्या मांसातही असतात, आणि तिथे औषध पोचतं. ते पेशंटला सावरतं, वेळ मिळवून देतं. 'पित्तात सर्वांत जास्त कोणतं औषध उतरतं' हे तक्ते पाठ करून भांडणारे नातेवाईक मला भेटतात. (काही डॉक्टरही भेटतात.) माझ्या मते त्या तक्त्यांना गरजेपेक्षा जास्त मान मिळतो. ते बहुतेक मोकळ्या नळीतल्या पित्तावरून केलेले असतात, आणि आपला पेशंट नेमका बंद नळीचा असतो.

पित्ताशयाची गोष्ट थोडी वेगळी. ती बाजूला लोंबणारी पिशवी आहे. तिच्या मानेत खडा अडकला तर मुख्य नलिकेतलं पित्त औषधाने भरलेलं असूनही पिशवीत ते शिरत नाही. पिशवीच्या भिंतीला रक्तातून मिळेल तेवढंच.

टप्पा १: 'पित्त' कुठलं ते ओळखा

आपल्या भाषेनेच इथे घोळ घातला आहे. छातीत जळजळलं तर आपण 'पित्त झालंय' म्हणतो, अंगावर गांधी उठल्या तर 'पित्त उठलंय' म्हणतो, आणि यकृतातून निघणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसालाही पित्तच म्हणतो. म्हणून लग्नात जेवून आल्यावर रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली की लोक जेलुसिल घेऊन झोपतात.

लक्षणं तीन: थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं आणि पोटाच्या वरच्या उजव्या बाजूला दुखणं. शार्को या फ्रेंच डॉक्टरने १८७७ मध्ये ती एकत्र मांडली. पण तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही. वयस्कर माणसात ताप किरकोळ असतो, दुखतही नाही. आजोबा दोन दिवस जेवत नाहीत आणि असंबद्ध बोलतात, एवढंच दिसतं. रक्तदाब घसरला किंवा भान हरपायला लागलं तर ती गंभीर अवस्था समजा.

ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये थंडी-ताप म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात आधी मलेरिया, डेंग्यू, लेप्टो येतो, आणि ते बरोबरच आहे. लेप्टोतही कावीळ होते. म्हणून अंदाज बांधत बसू नका. मलेरियाच्या तपासणीबरोबरच लिव्हर फंक्शन टेस्ट आणि पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्या.

पडताळा: लघवी गडद चहासारखी, शौच पांढरट मातकट आणि अंगाला खाज, हे एकत्र असेल तर नळी अडल्याची शंका बळावते.

इशारा: कावीळ 'उतरवून' घेण्यात दिवस घालवू नका. हात धुतल्यावर चुन्याचं पाणी पिवळं होतं ती वनस्पतीच्या रसाची आणि चुन्याची करामत असते, शरीरातली कावीळ तिथल्या तिथे राहते. विषाणूमुळे झालेली साधी कावीळ बहुधा आपोआप ओसरते, म्हणून उतरवणाऱ्याचं नाव होतं. नळी अडून झालेली कावीळ ओसरत नाही. दरम्यान उसाचा रस पीत बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी आयसीयूत असतो.

टप्पा २: घरातून निघण्याआधी

जवळचं हॉस्पिटल हे नेहमीच योग्य हॉस्पिटल नसतं. या आजारात ईआरसीपीची सोय लागते, म्हणजे दुर्बीण तोंडावाटे आतड्यात उतरवून खालून पित्तनलिका मोकळी करण्याची. फोनवर तीन प्रश्न विचारा: ईआरसीपी इथे होते का, रात्री आणि रविवारी होते का, आयसीयूत खाट आहे का. संध्याकाळी सात वाजता घोडबंदर रोडला अडकून एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे पेशंट हलवण्यापेक्षा ही पाच मिनिटं स्वस्त पडतात. तब्येत ढासळलेली असेल तर मात्र फोनाफोनी नको, १०८ बोलवा आणि जवळच्या ठिकाणी सलाइन व पहिलं इंजेक्शन सुरू होऊ द्या. हलवायचं ते नंतर.

पिशवीत हे टाका:

- जुने सगळे रिपोर्ट, विशेषतः आधी स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला असेल तर त्याची तारीख
- चालू गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नकोत. रक्त पातळ करणाऱ्या आणि डायबेटिसच्या गोळ्या वेगळ्या काढा
- ॲलर्जीचा कागद. 'पेनिसिलिन चालत नाही' एवढ्याने भागत नाही. पुरळ आलं होतं, श्वास अडकला होता की नुसती मळमळ, हे लिहा. मळमळ ही ॲलर्जी नव्हे, आणि तेवढ्यावरून उत्तम औषधांचा एक अख्खा गट हातचा जातो
- शेवटचं खाणं किती वाजता झालं ते
- रेशनकार्ड आणि आधार. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते दाखल होतानाच विचारा

इशारा: घरातल्या डब्यात उरलेली अँटिबायोटिकची गोळी 'तोपर्यंत एक' म्हणून देऊ नका. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रिॲक्सोन, सेफोपेराझोन यांचा गट) आणि अनेक जबर अँटिबायोटिकं २०१४ पासून शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि केमिस्टला वहीत नोंद ठेवावी लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या एका गोळीने पुढची कल्चर तपासणी, म्हणजे जंतू वाढवून कोणता आहे आणि कशाला दाद देतो ते पाहणं, फसू शकते.

टप्पा ३: पहिला तास. रक्त आधी, औषध लगेच नंतर

क्रम असा: सलाइन लावतानाच ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यायचं, आणि लगोलग पहिला डोस द्यायचा. कल्चर दोन वेगळ्या जागांहून दोन संच घेतलेलं बरं. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. नातेवाईक म्हणतात, "एवढं रक्त कशाला काढता?" कारण रक्तात जंतू विरळ असतात, कमी रक्तात ते सापडत नाहीत.

रक्तदाब घसरला असेल तर तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. स्थिती बरी असेल तरी ६ तासांच्या पुढे नको. कल्चरच्या बाटल्या मिळेनात म्हणून डोस थांबवणं चूक, आणि डोस दिल्यावर आठवण झाली म्हणून दुसऱ्या दिवशी कल्चर घेणंही चूक.

याच रक्तात पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर, सीआरपी आणि लायपेज पाहून घेतात. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. पित्त आतड्यात पोचत नाही तेव्हा व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि आयएनआर वाढतो. टप्पा ५ मध्ये हाच आकडा आडवा येतो.

औषध कोणतं? इथे प्रामुख्याने आतड्यातले जंतू असतात: ई. कोलाय सर्वांत जास्त, मग क्लेब्सिएला, एंटरोकॉकस. आपल्याकडचे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला साध्या सेफॅलोस्पोरिनला आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत. म्हणून दाखल पेशंटला बहुतेकदा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफोपेराझोन-सल्बॅक्टम सुरू होतं आणि गंभीर असेल तर मेरोपेनेम. एंटरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन चालत नाहीत. आधी स्टेंट असलेल्या किंवा वरचेवर हॉस्पिटलात राहिलेल्या पेशंटबाबत याची डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

दोन औषधांच्या खोड्या माहीत असाव्यात. सेफोपेराझोनने आयएनआर आणखी वाढू शकतो, त्यामुळे व्हिटॅमिन के दिलं आहे ना, हे विचारा. ते चालू असताना आणि नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही नको, चेहरा लालबुंद होऊन उलट्या सुरू होतात. सेफ्ट्रिॲक्सोन पित्तात कॅल्शियमबरोबर गाळ धरतं. नंतरच्या सोनोग्राफीत तो खड्यांसारखा दिसतो आणि औषध थांबल्यावर बहुधा आपोआप जातो. नवे खडे झाले म्हणून घाबरू नका.

इशारा: "डॉक्टर, हाय पॉवरचं द्या" असा आग्रह धरू नका. मेरोपेनेमही बंद नळीत पुरेसं शिरत नाही, आणि उद्या खरंच लागेल तेव्हा ते निकामी झालेलं असेल.

टप्पा ४: बूच कुठे आहे ते शोधा

पित्ताशयातले खडे सोनोग्राफी छान दाखवते. नलिकेच्या खालच्या टोकाचे मात्र आतड्यातल्या वायूमुळे सुटून जातात. म्हणून 'खडा दिसला नाही' याचा अर्थ 'खडा नाही' असा घेऊ नका. नलिका किती मिमी आहे ते आधी वाचा. वय झालेल्यांत आणि पित्ताशय काढलेल्यांत ती थोडी रुंद असते, हेही ध्यानात ठेवा.

आणि एमआरसीपी म्हणजे ईआरसीपी नव्हे! एमआरसीपी हा फक्त फोटो आहे, एमआरआयच्या मशीनमध्ये काढलेला. त्याने नळी मोकळी होत नाही. "एमआरसीपी झाली, आता बरं वाटेल ना?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता दोन्ही शब्द कागदावर लिहून, मध्ये रेघ मारून देतो. पेशंट गंभीर असेल आणि सोनोग्राफीतच नळी फुगलेली असेल तर एमआरसीपीच्या नंबरसाठी एक दिवस थांबायचं कारण नाही.

टप्पा ५: नळी मोकळी करा

खरा उपचार हा.

केव्हा? रक्तदाब कोसळला असेल तर शक्य तितक्या लवकर, १२ तासांच्या आत. मध्यम गंभीर असेल तर ४८ ते ७२ तासांत. सौम्य असेल आणि औषधाने ताप उतरत असेल तर सोयीने, पण त्याच मुक्कामात. सौम्य म्हणून थांबलेल्या पेशंटचा ताप २४ तासांत हटला नाही तर तो आता सौम्य राहिलेला नाही. इथेच सर्वाधिक वेळ वाया जातो. घरचे म्हणतात अजून एक दिवस इंजेक्शन देऊन बघू, आणि कधीकधी डॉक्टरही तेच म्हणतात.

तयारी अशी:

1. जड खाणं निदान ६ तास बंद. 'सकाळी फक्त चहा-बिस्किट' हेही खाणंच आहे.
2. आयएनआर आणि प्लेटलेट त्याच दिवशीचे हवेत. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी चालू असेल तर आधी सांगा, कारण मग नळीचं तोंड कापण्याऐवजी फक्त स्टेंट ठेवून येता येतं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट हृदयातही असतो.
3. कवळी काढून ठेवा.
4. स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून गुदद्वारातून डायक्लोफेनॅकची सपोझिटरी देतात. 'पोटाच्या दुर्बिणीला खालून औषध कशाला' असं म्हणून नाकारू नका.

आत गेल्यावर जाणकार डॉक्टर आधी थोडं पित्त ओढून घेतात, मगच रंगद्रव्य सोडतात. भरलेल्या नळीत जोराने रंगद्रव्य सोडलं तर दाब आणखी वाढतो आणि जंतू रक्तात उसळतात. ते ओढलेलं पित्त कल्चरला गेलंच पाहिजे. आधी सांगून ठेवा, कारण नंतर तसं पित्त परत मिळत नाही.

आता एक नेहमीची तक्रार: "एवढा खर्च केला आणि खडा काढलाच नाही!" पेशंट अस्थिर असताना फक्त स्टेंट ठेवून पाच-दहा मिनिटांत बाहेर पडणं हाच शहाणपणा असतो. पित्त वाहायला लागलं की काम झालं. खडा दोन-चार आठवड्यांनी काढता येतो.

ईआरसीपी जमली नाही, किंवा आधीच्या ऑपरेशनमुळे वाटच बदलली असेल, तर त्वचेतून सुई घालून यकृतातल्या नलिकेत नळी ठेवतात. तिला पीटीबीडी म्हणतात. बाहेर पिशवी येते. ती यकृताच्या पातळीखालीच राहिली पाहिजे, चालतानाही. रोज किती मिली आणि रंग कसा, ते वहीत लिहा. कोपरीच्या त्या बाईंनी अशी वही ठेवली होती. पहिल्या दिवशी '१५० मिली, काळपट, गढूळ, तुकडे आहेत', दुसऱ्या दिवशी '३२० मिली, हिरवट', चौथ्या दिवशी '४०० मिली, सोनेरी, स्वच्छ'. राउंडला मी आधी ती वही बघायचो, मग रिपोर्ट. पिशवी अचानक रिकामी राहिली तर पित्त कमी झालं असं समजू नका, नळी दुमडली किंवा सरकली असेल. रोज खूप पित्त बाहेर जात असेल तर पाणी आणि मीठ भरून काढावं लागतं.

पडताळा: नळी मोकळी झाल्यावर ताप २४ ते ४८ तासांत उतरायला हवा. कावीळ मात्र हळू उतरते, डोळे आठवडाभर पिवळे दिसले तरी चालतं. यकृताची औषध पित्तात सोडण्याची ताकदही त्याच क्षणी परत येत नाही, त्याला काही दिवस लागतात.

इशारा: ईआरसीपीनंतर त्याच रात्री पाठीत जाणारी जोराची कळ आली तर ती 'गॅस' नसते, स्वादुपिंडाची सूज तपासावी लागते. पुढचे दोन आठवडे काळी डांबरासारखी शौच झाली तर रक्तस्राव समजून परत या.

टप्पा ६: कल्चर रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट साधारण २ ते ३ दिवसांनी येतो. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे नाही. शेजारचे एमआयसीचे (जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या कमीत कमी औषधाचे) आकडे एकमेकांशी ताडून 'सर्वांत छोटा आकडा म्हणजे सर्वांत भारी औषध' असा हिशेब मांडू नका. प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी असते. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस दिसलं तरी ते लघवीपुरतं औषध आहे, इथे उपयोगाचं नाही. अमिकासिनपुढे एस असलं तरी पित्तात ते फारसं जात नाही, हे वर आलंच.

लहान पल्ल्याचं, म्हणजे मोजक्याच जंतूंवर चालणारं औषध लागू पडत असेल तर मेरोपेनेमवरून त्यावर यायचं. याला 'डाउनग्रेड केलं' म्हणून भांडू नका. आणि स्टेंट असलेल्या माणसाच्या पित्तात जंतू सापडणारच, प्लॅस्टिकवर त्यांचा चिकट थर बसतो. ताप नाही, दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टला औषध द्यायचं नसतं.

टप्पा ७: दिवस कधीपासून मोजायचे

दाखल झाल्याच्या दिवसापासून नाही, नळी मोकळी झाल्यापासून. तिथून पुढे ४ ते ७ दिवस पुरतात. रक्तात एंटरोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस सापडला तर किमान २ आठवडे. बिलिरुबिन नॉर्मल होईपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवायचं नसतं, ते दोन वेगळे हिशेब आहेत.

गोळीवर आल्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर ते दुधाबरोबर, दह्याबरोबर, लोह-कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेऊ नका. ते पोटातच बांधलं जातं, रक्तात पोचत नाही. हॉस्पिटलात बरा झालेला पेशंट घरी आल्यावर पुन्हा तापला आणि कारण निघालं सकाळचं दूध, असं मी पाहिलं आहे.

इशारा: औषध चालू असताना ताप परत आला तर 'औषध बदला' म्हणण्याआधी 'सोनोग्राफी करा' म्हणा. बऱ्याचदा स्टेंट तुंबलेला किंवा सरकलेला असतो.

टप्पा ८: घरी गेल्यावर

पित्ताशयात खडे असतील तर नळी साफ झाल्यावर पित्ताशय काढायचं ऑपरेशन शक्यतो त्याच मुक्कामात किंवा २ आठवड्यांत उरकावं. 'दिवाळी झाली की बघू' म्हणणारे दिवाळीतच परत येतात.

प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत बदलायचा किंवा काढायचा असतो. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख लिहून घ्या. नसेल तर तिथल्या तिथे मागा. कार्ड कपाटात जातं, म्हणून तारीख भिंतीवर हवी. कोपरीच्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या नोंदींच्या खाली, लाल पेनाने लिहिलं होतं: 'ह्यांचा स्टेंट, उपाशी पोटी न्यायचं'.